परतीचा वारा

आमचं शिराळा आणि कोकणातली रत्नागिरी नकाशावर जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत, सतराव्या अक्षांशाच्या आसपास. सरळ रेषेत मोजलं तर दोन्हींमधलं अंतर नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर भरतं. तरीही आमच्याकडे पडलेल्या पावसाचा एक थेंब त्या समुद्राला मिळत नाही. मोरणेचं पाणी वारणेत जातं, वारणेचं सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत आणि तिथून हजाराहून अधिक किलोमीटर चालून ते बंगालच्या उपसागराला मिळतं. सह्याद्रीनं आम्हाला जणू समुद्राकडे पाठ करून बसवलं आहे. आमच्याकडचा माणूस आंबा घाट उतरतो, पुळणीवर उभा राहतो, फोटो काढतो, मासे खातो आणि परत घाट चढतो. समुद्र त्याला दिसतो तो जमिनीवरूनच.

अलीकडे मात्र वेगळी विचारणा होऊ लागली आहे. चार मित्र किंवा दोन कुटुंबं मिळून एखादी होडी ठरवावी आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं एक-दोन दिवस हिंडावं, अशी हौस तरुण मंडळींना वाटते. त्यातही इंजिनाची फटफट नको, शिडाची होडी हवी, असं म्हणणारे काही जण असतात. मी तसा एक प्रवास केला आहे, हे गावात माहीत असल्यानं ते माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘किती तासांत पोचतो?’ एसटीच्या माणसानं विचारावा तसा हा प्रश्न आहे. शिडाच्या होडीला तो लागू पडत नाही. का लागू पडत नाही, तेवढंच आज सांगायचं आहे.

शिडाची होडी म्हणजे वाऱ्यानं ढकललेलं लाकूड, अशी आपली समजूत असते. वारा पाठीमागून असेल तेव्हा ती खरीही आहे. पण वारा बाजूनं येतो तेव्हा गंमत सुरू होते. फुगलेल्या शिडाचा आकार पक्ष्याच्या पंखासारखा बाकदार होतो. त्याच्या दोन्ही अंगांनी वारा सारख्या वेगानं जात नाही आणि त्या फरकातून ओढ निर्माण होते. विमानाच्या पंखाला जे बळ वर उचलतं, तेच इथं होडीला पुढे आणि थोडं बाजूला खेचतं. बाजूला सरकू द्यायचं नाही, हे काम पाण्याखालचा होडीचा कणा करतो. म्हणून जाणते खलाशी आडव्या वाऱ्यावर खूश असतात.

एका बाजूला मात्र कुठलीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. ती बाजू म्हणजे वारा जिथून येतो ती. वाऱ्याच्या थेट तोंडावर नाळ धरली की शीड नुसतं फडफडतं. तिकडेच जायचं असेल तर तिरकं एकीकडे जायचं, मग वळून तिरकं दुसरीकडे जायचं. आम्ही शिराळकर नागपंचमीच्या गावचे, आम्हाला नागमोडी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण नागमोडी चालीनं दहा मैलांचे पंधरा-वीस मैल होतात आणि वेळ दुप्पट लागतो. म्हणजे जाणं आणि येणं यांचं अंतर सारखं असलं तरी प्रवास सारखा नसतो. हे एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

आता कोकणच्या वाऱ्याकडे येऊ. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन पाण्याआधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि त्या जागी समुद्रावरची थंड हवा धावत येते, तो खारा वारा. रात्री जमीन पाण्याआधी निवते, मग हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहते, तो मतलई. परीक्षेत दोन गुणांचं हे उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर अख्खं वेळापत्रक आहे. पावसाळा सरला की उन्हाळ्यापर्यंत पहाटे मतलई पूर्वेकडून वाहते. दहा-अकराच्या सुमाराला वारा पडतो आणि पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. दुपारी खारा वारा उठतो, तो बहुधा वायव्येकडून.

आपला किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला. त्यामुळे पहाटेची मतलई दक्षिणेला जाताना डावीकडून लागते आणि उत्तरेला जाताना उजवीकडून. आडवा वारा असल्यानं दोन्हीकडे जाता येतं. दुपारचा वायव्य वारा मात्र दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीवर थाप मारतो आणि उत्तरेला जाणाऱ्याच्या तोंडावर येतो. रत्नागिरीहून मालवणच्या दिशेला दुपारी निघालेला हौशी माणूस म्हणूनच फसतो. होडी मजेत पळते, वारा अंगाला लागतही नाही, कारण होडी वाऱ्याबरोबरच चाललेली असते. तास-दोन तासांनी ‘चला, आता मागे फिरू’ असं म्हणून सुकाणू वळवलं, की इतका वेळ सोबत असलेला वारा काय जोराचा होता ते कळतं.

मी गझल लिहिणारा माणूस, त्यामुळे मतलई या शब्दापाशी माझं पाऊल अडखळतं. अरबीत ‘मतला’ म्हणजे उगवण्याची जागा. गझलेच्या पहिल्या शेराला आपण मतला म्हणतो. आणि मतलई येते ती सूर्य उगवतो त्या बाजूनं. समुद्रानं मराठीला असे कितीतरी शब्द आणून दिले. सुकाणू आणि खलाशी अरबीतून आले, बंदर आणि दर्या फारसीतून. कोळीगीतांतला नाखवा हा फारसीतला नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. आपण ज्याची चातकासारखी वाट पाहतो त्या मान्सूनचं मूळही अरबी ‘मौसिम’ हेच, म्हणजे ऋतू. अरब, गुजराती, मलबारी, कोकणी खलाशी एकाच वाऱ्यावर चालत होते. वारा सगळ्यांना एकच होता, म्हणून शब्दही एकमेकांचे झाले.

वाऱ्यानंतर पाणी. भरती दिवसातून दोनदा येते, दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण-पन्नास मिनिटं उशिरा येते. किनाऱ्यावरच्या माणसांनी यासाठी सोपं गणित करून ठेवलं आहे. तिथीची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, त्या वेळी चढउतार कमी. मुंबईकडे उधाणाचं पाणी चार मीटरच्या वर खालीवर होतं, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मं. कालनिर्णय भिंतीवर असेल तर हे गणित शिराळ्यात बसूनही करता येतं.

हे गणित कशासाठी? खाडीत शिरण्यासाठी. घाटावरच्या माणसाला खाडी म्हणजे अडचण वाटते, कारण त्याचा रस्ता तिथं अडतो. पूल नसेल तर मोठा वळसा पडतो. समुद्रावरून आलात की तीच खाडी दरवाजा होते. आत शांत पाणी, गोडं पाणी, गाव, बाजार. रत्नदुर्ग, पूर्णगड, यशवंतगड, विजयदुर्ग, देवगड हे गड या दरवाजांवर का बसवले, ते रस्त्यानं गेल्यावर नीट उमगत नाही. होडीतून बघितलं की एकेक गड आपापल्या खाडीच्या मुखाशी पहारेकऱ्यासारखा उभा दिसतो. पण या दरवाजांना उंबरठा असतो. नदीनं आणलेली वाळू मुखाशी साचून पाण्याखाली उंचवटा झालेला असतो. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असताना समुद्राची लाट समोरून आली, की त्या उंचवट्यावर पाणी उसळतं आणि फुटतं. लहान होड्या तिथं उलटतात. म्हणून आत शिरायचं ते चढत्या पाण्यावर.

आमच्या प्रवासाबद्दल थोडं सांगतो. आम्ही पाच जण होतो. दोन शिक्षक, एक किराणा दुकानदार, एक साखर कारखान्यातले आणि मी. रत्नागिरीकडच्या एका स्नेह्यानं हौसेनं शिडाची होडी बाळगली आहे, मागे छोटं इंजिनही आहे. डिसेंबरातली गोष्ट. शुक्रवारी रात्री पोचलो. शनिवारी पूर्णगडला जायचं, रविवारी परत यायचं, असं ठरलं होतं. होडीवरचे तांडेल सत्तरीचे. तरुणपणी मंगलोरी कौलं भरलेल्या शिडाच्या पडावांवर त्यांनी या किनाऱ्यानं बऱ्याच खेपा केल्या होत्या. सगळे त्यांना चाचा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

शनिवारी पहाटे आम्ही डबे, पाण्याचे कॅन घेऊन बंदरावर उभे. आकाश स्वच्छ. चाचा आले, थोडा वेळ गप्प उभे राहिले आणि म्हणाले, ‘आज नाही.’ आमचे दुकानदार मित्र वैतागले. ‘चाचा, पाऊस नाही, ढग नाही, वादळाची बातमी नाही. मग अडलं कुठं?’ चाचांनी चेहरा उत्तरेकडे केला. ‘पहाटे वारा पूर्वेचा हवा. आज उत्तरेचा आहे, आणि उजाडायच्या आधीच एवढा आहे. दुपारी याच्यात खारा वारा मिसळेल. जाल हो तुम्ही आरामात, दोन तासांत जाल. उद्या यायचं कसं?’ ‘इंजिन आहे की,’ कुणीतरी म्हणालं. त्यावर ते म्हणाले, ‘इंजिन बंद पडलं तर शीड, आणि शीड चालेना तर इंजिन. दोन्हींतलं एक हातात राहायला पाहिजे. निघतानाच एक गमावून कसं चालेल?’

तो दिवस आम्ही बंदरावर आणि रत्नदुर्गावर काढला. खोलीचं भाडं गेलं, एक दिवस गेला. दुकानदार मित्र दिवसभर धुसफुसत होते आणि त्यांचंही बरोबर होतं, कारण सोमवारी त्यांना दुकान उघडायचं होतं. दुपारी गडावरून खाली पाहिलं, तर लांबवर पाण्यावर पांढऱ्या रेघाच रेघा उमटल्या होत्या. शिडाची गोष्ट सोडा, इंजिनाच्या लहान होड्याही बंदरात परत येत होत्या.

रात्री उत्तरेचा वारा पडला. रविवारी पहाटे गार मतलई मानेला लागली. त्यात सुक्या गवताचा आणि चुलीच्या धुराचा वास होता, कारण ती गावांवरूनच येत होती. सहाला निघालो. पंचमी होती, पाऊणपट पावणेचार. म्हणजे भरती होऊन दोन तास झालेले, ओहोटी आम्हाला बाहेर नेत होती. गडावरचा दीपस्तंभ मागे पडला. डावीकडे जांभ्याचे कडे, वर उघडे सडे, कड्यांच्या बेचक्यात माडांची हिरवी मूठ आणि तिच्या पायाशी पुळण, असं एकामागून एक उलगडत गेलं. होडीचा वेग तीन-चार नॉट. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. गावातली सायकल याहून वेगानं जाते. पण इंजिन बंद होतं, त्यामुळे किनाऱ्यावर कोंबडा आरवलेला होडीत ऐकू येत होता.

अकराच्या आत पूर्णगड समोर आला. मुचकुंदीच्या मुखावरचा हा छोटेखानी गड, पलीकडे गावखडीचं सुरूबन. आम्ही उतरायच्या तयारीला लागलो, तर चाचांनी बाहेरच नांगर टाकला. ओहोटीचा तळ नुकताच होऊन गेला होता. दोन तास थांबलो. डबे उघडले, भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली, चाचांनी आणलेला तळलेला बांगडा खाल्ला. एकाला होडीच्या डुलण्यानं मळमळलं, त्यानं क्षितिजाकडे नजर लावून बसायचा सल्ला पाळला आणि सावरला. एकच्या पुढे पाठीवर खारा वारा आला, खाली पाणी चढू लागलं आणि आम्ही उंबरठा ओलांडून आत गेलो. पाण्याचा रंग बदलला एवढंच, धक्का जाणवलाही नाही. दुकानदार मित्रांनी पावसहून एसटी धरली. कारखान्यातल्या मित्रांनी फोन करून एक रजा टाकली. सोमवारी पहाटे त्याच मतलईवर, ती आता उजवीकडून घेत, आम्ही उत्तरेला रत्नागिरीत परत आलो.

वारा वाचता येणं ही नुसती सहलीची गोष्ट नव्हती. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी जहाजं आणून बेटाला वेढा दिला. मराठी आरमाराचं नेतृत्व दौलतखानाकडे होतं. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ बुडाच्या, शीड आणि वल्ही दोन्ही असलेल्या. वारा पडला की इंग्रजांची जड जहाजं जागच्या जागी खिळत आणि या होड्या वल्ह्यांवर निसटत. रात्रीच्या अंधारात सामान बेटावर पोचतच राहिलं. किल्ला झाला. तोफांइतकाच तो किनारा जाणणाऱ्या तांडेलांचाही त्यात हात होता.

आणि वारा न वाचल्याची, किंवा ऋतू न पाळल्याची किंमतही या किनाऱ्यानं मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. मे महिन्याच्या उत्तरार्धात समुद्र पावसाळ्याची चाहूल देऊ लागतो. जून-जुलैत तर यांत्रिक मासेमारीलाही सरकारी बंदी असते. आमच्या शिराळ्यात नागपंचमी झाली की दहा दिवसांनी नारळी पौर्णिमा येते, कोळीवाड्यांत दर्याला नारळ वाहतात. पण तो व्यवसायासाठी निघणाऱ्यांचा मुहूर्त. हौशी माणसानं आणखी थांबावं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ.

होडी ठरवताना काही गोष्टी विचारायला लाजू नका. होडीची नोंदणी आहे का, आणि महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा प्रवासी नेण्याचा परवाना आहे का? मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवाशांचा परवाना नव्हे. किती माणसांची परवानगी आहे? तेवढी लाइफ जॅकेट आहेत का, मुलांच्या मापाची आहेत का? असतील तर ती अंगात घाला, बाकावर ठेवू नका. हवामान खात्याचा इशारा आणि बंदरावरचा बावटा बघा. तीन नंबरचा बावटा लागला असेल तर चर्चाच नको. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदतीचा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा आणि कुठं चाललो, कधी परतणार, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जा.

शिडाची विद्या अगदीच संपली असं नाही. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, असं करणारे ते पहिले भारतीय. ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली होती. तिथंच बांधलेल्या ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५ मध्ये दोघींनी जग पालथं घातलं. ही मोठी माणसं आणि मोठ्या नौका. काळजी वाटते ती लहान बंदरांतल्या ज्ञानाची. शिडाचे पडाव गेले, इंजिनं आली, त्यात वाईट काही नाही, कष्ट कमी झाले. पण कुठल्या खाडीचा उंबरठा यंदा कुठं सरकला, पहाटेच्या उत्तरेच्या वाऱ्याचा अर्थ काय, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या मुला-नातवंडांना त्या ज्ञानातून चार पैसे मिळाले तरच ते टिकेल. म्हणून भाड्याचे पैसे देताना ते निव्वळ लाकडाचे आणि डिझेलचे नसतात, हे ध्यानात असू द्यावं. ‘आज नाही’ असं सांगण्याचेही ते पैसे आहेत. ज्या दिवशी तांडेल नाही म्हणेल त्या दिवसाचंही काही त्याच्या हातावर ठेवावं. नाहीतर पोटासाठी तो हो म्हणायला शिकेल.

तेव्हा जरूर जा. एक दिवस जास्तीचा हाताशी ठेवून जा. आणि बंदरावर पोचलात की ‘किती तासांत पोचू?’ असं विचारू नका. ‘परत कधी आणि कुठल्या वाऱ्यावर येऊ?’ असं विचारा. याचं उत्तर ज्याच्यापाशी असेल त्याच्याच होडीत पाय ठेवा.